चौथी जोडी

कल्पना करा, तुमच्यासमोर स्टुलावर एक स्टीरिओ ॲम्प्लिफायर ठेवला आहे. त्याची पाठ तुमच्याकडे आहे आणि पाठीवर चार स्क्रू आहेत. दोन डाव्या बाजूचे, दोन उजव्या बाजूचे. प्रत्येक बाजूला एक तांबडा, एक काळा. तुमच्या हातात स्पीकरची एक जोडी आहे. वायरीचं टोक सोला, सुट्या तारा पिळून एक करा, केसाएवढी तारही शेजारच्या स्क्रूला शिवणार नाही असं बघा आणि आवळा. आवाज आला. बरं वाटलं. एवढ्यात पलीकडच्या खोलीतला माणूस म्हणतो, आम्हालाही ऐकू द्या की. तुम्ही दुसरी जोडी त्याच स्क्रूंना जोडता. तीही वाजते. मग अंगणातली माणसं मागतात, मग गच्चीवरची मागतात. तुम्ही जोडत जाता आणि प्रत्येक जोडी वाजते. फसगत होते ती इथंच. चौथी जोडी जोडली तरी यंत्र कुरकुर करत नाही. फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला तर कळतं, की ह्याला ताप चढलाय.

चंदनबाला आवटीनं तो हात ठेवला होता. ताप तिला कळला होता. आणि तिनं हात काढून घेतला होता.

चंदनबालाचं सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. आज ती शेहेचाळीस वर्षांची आहे. माहेर लोणंदचं, वडिलांचं स्टेशनच्या वाटेवर किराणा दुकान. बारावीनंतर ती साताऱ्याला आयटीआयत गेली, तेव्हा वर्गात अठ्ठावीस मुलं आणि ती एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "बाई, इथं हात भाजतात." ती म्हणाली, "सर, चुलीवर पण भाजतात." पुढं शिरवळच्या एका कारखान्यात दोन वर्षं सोल्डरिंगचं काम केलं आणि लग्न होऊन ती सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या एका गावात आली. घर गावात, दुकान सांगलीत, आणि स्कूटीच्या डिकीत कायम एक मल्टिमीटर.

तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. पण तिची एक खोड आहे, जिची गिऱ्हाइकं चेष्टा करतात. कुठंही स्पीकर बसवले, की शेवटी ती सगळं बंद करते आणि घरातल्यांना चार मिनिटं गप्प बसायला लावते. मोबाईलवर वेळ लावून, घड्याळी चार मिनिटं.

"वहिनी, श्रद्धांजली कुणाला वाहायची?" एकदा एका मंगल कार्यालयाच्या मालकानं विचारलं होतं.

"घरघर ऐकतेय," ती म्हणाली. "आवाज नसताना यंत्र काय बोलतं, ते ऐकावं लागतं."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

गावात शेजारच्या घरात राहणाऱ्या हरणाबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अक्का. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक सुनेला पाठ शिकवला होता. चंदनबालाला जैनांचा पाच ओळींचा णमोकार मंत्र माहेरीच येत होता, पण अक्कांना तिचं म्हणणं पसंत पडलं नाही. "ओळीच्या मदी श्वास घेतीस तू. दोर मदीच तोडल्यागत वाटतंय. श्वास ओळीच्या आदी घ्यायचा, मग ओळ सोडायची." वर्षभर रोज संध्याकाळी दारात बसवून त्यांनी तिचा श्वास बसवला. मग ती अक्कांसारखीच म्हणू लागली. पहिल्या ओळीला जरा खाली, तिसरीला वर, पाचवीच्या शेवटाला हळूच हेल. गल्लीतल्या सगळ्या बायकांचा तोच हेल. डोळे मिटून ऐकलं तर कोण म्हणतंय ते सांगता येऊ नये इतका.

अक्का ब्याऐंशी वर्षांच्या असताना एका दुपारी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "चंदन, माजा पाठ भरून ठेव त्या यंत्रात."

"कशाला अक्का?"

"शेवटाला कान चालत्यात, तोंड चालत न्हाई. तवा माजंच तोंड मला उसनं दे."

तिनं भरून घेतला. अक्कांना दमा होता; ओळीच्या मध्येच श्वास तुटायचा. अक्का ऐकून नाराज झाल्या. "ते धापा टाकणं काढून टाक बाई. दुसऱ्याला जे शिकवलं ते मलाच येईना, असं व्हायला नको." चंदनबालानं कॉम्प्युटरवर बसून सगळे श्वास कापून टाकले. उरला तो एक सलग, न दमणारा आवाज.

चार वर्षांनी अक्कांनी महाराजांची आज्ञा घेऊन सल्लेखना घेतली. आधी धान्य सोडलं, मग दूध-ताक, मग नुसतं पाणी. जैन घरात असा निरोप सुरू झाला की घराचे नियम बदलतात. रडायचं नाही, भांडायचं नाही, देण्याघेण्याचं बोलायचं नाही. जाणाऱ्या माणसाच्या कानावर रागाचा किंवा खोटा शब्द पडू द्यायचा नाही. मन निर्मळ ठेवून जाता यावं म्हणून. अक्कांच्या खोलीत एका वेळी दोनच माणसं बसायची. एक अक्कांचा थोरला मुलगा नानासो, उशाशी. दुसरी चंदनबाला, कोपऱ्यात, ॲम्प्लिफायरपाशी.

ॲम्प्लिफायर तिचा स्वतःचा होता. पाठीवर छापलं होतं, कमीत कमी चार ओहम. स्पीकर सगळे आठ ओहमचे. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. शेतात पाण्याची मोटर असते तसंच हे. एक दार उघडलं तर पाणी बेतानं जातं. चार दारं एकदम उघडली, की अडवणारं कुणी उरत नाही, मोटर धाव धाव धावते आणि तापते. अक्कांच्या खोलीत एक जोडी, आठ ओहम. सोप्यात दुसरी, म्हणजे दोन्ही मिळून चार. इथं यंत्राची हद्द संपली.

तिसऱ्या दिवशी दर्शनाला माणसं वाढली, नानासोंनी अंगणात मांडव घातला आणि म्हणाले, "चंदन, मांडवात बी ऐकू जाऊ दे." तिनं तिसरी जोडी लावली. अडीचच्या किंचित वर. पाचव्या दिवशी गच्चीवर बसलेल्या बायकांमधल्या चंद्राबाई जिन्यातूनच ओरडल्या, "आमी काय पाप केलंया गं? आमाला अक्काचा आवाज नगं?" तिनं चौथी जोडी लावली. दोन ओहम. आयटीआयच्या पहिल्या वर्षात हे गणित फळ्यावर सोडवून तिनं सरांची शाबासकी घेतली होती.

तोंडाशी आलं होतं तिच्या, की ह्याच्यावर दोनाच्या वर जोड्या लावता येत नाहीत, सांगलीहून दुसरा ॲम्प्लिफायर आणते, दोन तास द्या. पण असल्या पुण्यकर्मात नाही कसं म्हणायचं? तिनं यंत्रावर टेबलफॅन सोडला आणि बसून राहिली. दिवसातून दहा वेळा पाठीवर हात ठेवायची आणि काढून घ्यायची.

नऊ दिवस काही झालं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता मांडव रस्त्यापर्यंत भरला होता. अक्कांची वाचा बंद होऊन दोन दिवस झाले होते. पाणी त्यांनी सकाळी नाकारलं होतं. डोळे मिटलेले, छाती हलतेय की नाही ते नीट बघावं लागायचं. यंत्रातून त्यांचा चार वर्षांपूर्वीचा आवाज न थांबता म्हणत होता आणि मांडवातली माणसं त्याच्यामागून म्हणत होती. नानासो उशापासून उठून खिडकीशी गेले. बाहेरून कुणी खुणावत होतं.

"चंदन, जरा वाढीव. मागं ऐकू जात न्हाई म्हणत्यात."

तिनं बटण फिरवलं. दोन मिनिटं नीट गेली. मग यंत्राच्या पोटात आवाज झाला.

टक.

पाचवी ओळ अर्ध्यात तुटली. यंत्र शहाणं होतं. जळण्याआधी त्यानं स्वतःला तोडून घेतलं. चारी जोड्या एका क्षणात मुक्या झाल्या. मांडवातली माणसंही थांबली. दहा दिवस ती त्या आवाजावर टेकून म्हणत होती. टेकू निघाला तशी तीही थांबली. कुणाला वाटलं वीज गेली. कुणी म्हणालं, थांबा, येईल आत्ता.

नानासो धावत येऊन वायरी हलवायला लागले आणि चंदनबाला ओरडली. अक्कांच्या पायांपासून तीन हातांवर.

"हात लावू नका! हजारदा सांगितलं होतं तुम्हाला, दोनाच्या वर जोड्या लावायच्या नाहीत म्हणून! ऐकतंय कोण माझं!"

तिनं एकदाही सांगितलं नव्हतं.

मग तिनं पिन काढली, दोन जोड्या सोडवल्या, फॅन जवळ ओढला, यंत्र निवायची वाट पाहिली. आवाज पुन्हा आला तेव्हा चार मिनिटं झाली होती. नानासो उशाकडे वळले आणि तिथंच गुडघ्यांवर बसले. अक्का गेल्या होत्या. कधी गेल्या, ते कुणी पाहिलं नव्हतं. खोलीतली दोन्ही माणसं यंत्राकडे बघत होती.

गावानं अक्कांना वाजतगाजत नेलं. समाधी साधली, असं सगळे म्हणाले. चंदनबालाला कुणी बोल लावला नाही. चार दिवसांनी नानासोच दुकानात आले, स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू सांगितलं आसशील गं. गडबडीत माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

खरं गिळून टाकायची ही दुसरी वेळ होती. तेव्हा बोलता आलं असतं. ती खाली मान घालून एका बोर्डावरची धूळ ब्रशनं झाडत राहिली. धूळ केव्हाच गेली होती.

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. पण टक गेलं नाही. फ्रीज बंद होताना टक होतं. बँकेतल्या दाराची कडी पडते, टक. शेजारणीचा कुकर, नवऱ्याचा चष्म्याचा डबा, पावसाळ्यात छपराचा पत्रा. प्रत्येक टकनंतर चंदनबालाचं मन मोजायला लागतं आणि चार मिनिटं होईपर्यंत दुसऱ्या कशात लागत नाही. नवरा म्हणतो, "कुठं गेलीस?" ती म्हणते, "इथंच आहे." पण ती त्या खोलीत असते. तिला एकच गोष्ट कळून घ्यायची असते. अक्कांच्या कानावर शेवटी पडलं ते काय? त्यांचा स्वतःचा आवाज, की तिचं ते खोटं?

यंदाच्या जानेवारीत ती मेढ्याला गेली होती. तिथं तात्या म्हणून एक निवृत्त सुभेदार राहतात. फौजेत सिग्नलमध्ये होते. त्यांना घरात चार ठिकाणी रेडिओ ऐकायचा होता: सोप्यात, स्वयंपाकघरात, माडीवर आणि गोठ्यात.

"गोठ्यात कशाला तात्या?"

"आगं ताई, म्हस गाण्यावर दूध देती. माजं रिसर्च हाय ते."

"आणि म्हशीला आवडलं नाही तर?"

"तर ती रिपोर्ट करंल की! लाथ मारून."

तिनं मनापासून काम केलं. आधी पिन काढली. वीज चालू असताना ती वायरीला हात लावत नाही. प्रत्येक स्पीकर मल्टिमीटरला लावून बघितला. आठाचा स्पीकर तिथं सहा-साडेसहा दाखवतो, तेवढं आलं की पुढं. डाव्याच्या वायरी डाव्याला, उजव्याच्या उजव्याला, काळ्यात काळी. चारी जोड्या तिनं थेट ॲम्प्लिफायरला लावल्या नाहीत. मध्ये एक सिलेक्टरची पेटी बसवली. पेटीत जाडजूड रेझिस्टर असतात. चारी खोल्या चालू केल्या तरी ते विजेला अडवून धरतात आणि यंत्रावरचा भार हद्दीबाहेर जात नाही. आवाज थोडा उतरतो, पण यंत्र जगतं.

"आन् अंगणात बी एक जोडी टाकून दे," तात्या म्हणाले. "पेटीवर भागंल की."

"नाही."

"आगं एकच."

"नाही तात्या. पेटी चाराचीच आहे. पाचवी पाहिजे तर दुसरा ॲम्प्लिफायर घ्या."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. "लय कडक हायेस गं. आमच्या कमांडिंग ऑफिसरागत." आणि धारेची वेळ झाली म्हणून बादली घेऊन ते गोठ्यात गेले.

तिनं चाचणीसाठी मोबाईल काढला, तेव्हा गल्लीच्या ग्रुपवर एक चित्रफीत आली होती. नानासोंच्या पुतण्यानं, आर्जवनं, पुण्याहून टाकली होती. 'जुन्या फोनमध्ये सापडली. अक्काआजीला आज सहा वर्षं झाली. विनम्र वंदन.' सात मिनिटांची. चंदनबालाला हे ठाऊकच नव्हतं, की त्या दुपारी आर्जव खोलीच्या दारात मोबाईल धरून उभा होता.

तिनं उभ्या उभ्या पाहिली. मोबाईल हलत होता. मांडवातली माणसं, मग दाराची चौकट, मग अक्कांचे पाय. टक. आणि तिचं स्वतःचं ओरडणं. "हजारदा सांगितलं होतं तुम्हाला." सहा वर्षं तिनं ते आठवलं होतं, ऐकलं नव्हतं. ऐकताना कळलं, की आवाज किती खरा वाटतो. अनोळखी माणूस म्हणेल, हिनं सांगितलंच असणार.

ती बंद करणार होती. पण ओरडण्यानंतर मोबाईलच्या बारक्या स्पीकरमधून काहीतरी डास गुणगुणल्यासारखं आलं. दुरुस्ती करणाऱ्याचा कान. तो तिथं अडकला. तिनं मोबाईल ॲम्प्लिफायरला जोडला, पेटीवरची चारी बटणं दाबली आणि पुन्हा लावली.

आता चारी खोल्यांत ती दुपार भरली. मांडवाचा कोलाहल आणि अक्कांचा सलग आवाज माडीवरून, स्वयंपाकघरातून एकदमच येत होता. मग टक. मग तिचं ओरडणं. गोठ्यापर्यंत गेलं ते. आणि मग, त्या शांततेच्या तळाशी, एक बाई बोलत होती.

पाचवी ओळ जिथं तुटली होती तिथूनच तिनं उचलली होती. ओळ पुरी केली, शेवटाला तोच हळूच हेल दिला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. कुजबुजीपेक्षा जरा मोठं. दारातल्या मोबाईलच्या जवळ, खोलीच्या आत. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या ओळीत ती थांबली आणि पुन्हा बोलली नाही. नुसती वायरींची खुडबुड. त्यानंतर तीनेक मिनिटांनी यंत्रातला सलग आवाज परत आला आणि मग नानासोंचा हुंदका.

चंदनबालानं फीत थांबवली. पहिला विचार आला तो यंत्राचा: टेपचाच आवाज असेल. पण टक झाल्यावर स्पीकर मेलेले असतात. त्यांच्यातून काही येऊ शकत नाही. आणि दुसरी गोष्ट. ही बाई ओळीच्या मध्ये श्वास घेत होती. टेपमधले सगळे श्वास चंदनबालानं स्वतः कापले होते.

हे जिवंत माणूस होतं.

"ताई!" गोठ्यातून तात्यांची हाक आली. मग तेच दारात आले, हातात बादली. "ही कोण बाई पुटपुटतीया? म्हस कान टवकारून हुबी ऱ्हायलीया. दूध बी चोरलंन् तिनं."

"तुम्हाला ऐकू आली तात्या?"

"म्हंजे? ती काय भूत हाय व्हय, मला न ऐकू याला?" तात्या हसले. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांनी बादली खाली ठेवली. "बस जरा. पानी घे."

त्या दिवशी तिनं तात्यांच्या घरात चार मिनिटं गप्प बसायला सांगितलं नाही. विसरली.

दुसऱ्या दिवशी तिनं नानासोंना दुकानात बोलावलं. नानासोंचं गुऱ्हाळ आहे; गावातला शेवटचा चांगला गूळ त्यांचाच, असं लोक म्हणतात. आल्या आल्या त्यांनी एक पुडकं काउंटरवर ठेवलं. "ताजा हाय, काल सकाळचा. पोरांला दे."

तिनं चहा मागवला. नानासोंनी कप घेतला नाही. "गुळाचा आसल तर नगं."

"साखरेचा आहे भाऊजी. तुम्हाला साखरेचा चालतो?" गावात सगळ्यांना वाटायचं, नानासोंना मधुमेह झालाय. सहा वर्षं संक्रांतीला ते तिळगूळ हातात घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि परत द्यायचे.

"साखरंचा चालतोय की."

ते कसं काय, हे विचारायला ती थांबली नाही. थांबली असती तर धीर सुटला असता.

"भाऊजी, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"काय?"

"जोड्यांचं. दोनाच्या वर लावायच्या नाहीत हे मी कधीच सांगितलं नव्हतं. तुम्ही मागितली, मी लावली. मला ठाऊक होतं यंत्राला झेपणार नाही. त्या दिवशी ओरडले ते खोटं होतं. नंतर तुम्ही इथं आलात, तेव्हा पण मी गप्प बसले."

नानासोंनी कप खाली ठेवला. रस्त्यावर हमालांची गाडी गेली.

"एकदा बी न्हाई?"

"एकदा पण नाही."

"आगं, मग मी सा वर्सं गूळ कशापायी सोडलाय?"

तिला आधी कळलंच नाही.

"नेम घेतला हुता मी," नानासो म्हणाले. "म्हटलं, ही पोरगी सांगत हुती, आन् मांडवातल्या मोठेपणापायी आपुन ऐकलं न्हाई. आईचा शेवट आपुन मोडला. मग महाराजांपुढं नेम घेतला, जल्मभर गूळ खायाचा न्हाई. गुऱ्हाळात उभा ऱ्हातो, काकवीचा वास नाकात जातो, पोरं बोटं चाटत्यात, आन् मी जिभंला कुलूप लावून." ते थांबले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ती घाबरली; पण ते हसत होते, डोळ्यांत पाणी घेऊन. "माज्या सा संक्रांती खाल्ल्यास की गं भवाने!"

"आता सोडा तो नेम."

"नेम सुटतोय व्हय? चुकून घेतला म्हणून काय झालं." त्यांनी टोपीनं डोळे पुसले. "आईच्या नावानं घेतलाय. ऱ्हाऊ दे. पर एक सांग, सा वर्सांनी आज का सांगतीस?"

मग तिनं चित्रफीत लावली. एकाच जोडीवर, दोघांच्या मध्ये ठेवून. टक आलं, ओरडणं आलं. नानासो ढळले नाहीत. मग ती बाई बोलायला लागली, तसे ते स्टुलावरून पुढं सरकले.

"आई," ते म्हणाले. "आईच हाय ही."

"दोन दिवस वाचा बंद होती त्यांची."

"व्हय." त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. यावेळी डोळे मिटून ऐकलं. "न्हाई गं. ही तू हायेस. तुजा हेल हाय."

"मी म्हटलेलं मला आठवत नाही. मी पिन काढत होते, स्क्रू सोडवत होते."

"हात स्क्रू सोडवतील. तोंड आपुआप चालतंय. भ्यालं की मानूस दुसरं काय म्हंतंय?"

"पण मी ओळीच्या मध्ये श्वास घेत नाही. अक्कांनी मोडलं होतं ते."

"भ्यायल्यावर बी न्हाई?"

तिनं तिसऱ्यांदा लावली. चित्रात अक्कांचे फक्त पाय दिसत होते आणि चंदनबालाची पाठ. दोघींपैकी एकीचंही तोंड त्या चौकटीत नव्हतं; दारातून आर्जवलाही तेवढंच दिसलं असणार.

तिनं रात्रभर ह्या दोन्ही वाटांनी जाऊन पाहिलं होतं. तो आवाज अक्कांचा असेल, तर अक्का जाग्या होत्या. त्यांनी टक ऐकलं, तिचं ओरडणं ऐकलं, खोटं ऐकलं. आणि ते सगळं बाजूला सारून, दोन दिवस हललं नव्हतं ते तोंड हलवून, तुटलेली ओळ स्वतः उचलली. मग त्या तिसऱ्या ओळीत थांबल्या, ते कायमच्याच. आणि आवाज तिचा स्वतःचा असेल, तर अक्कांच्या कानावर शेवटी खोटं पडलं नाही. त्यांनीच शिकवलेला पाठ पडला, त्यांनीच बसवलेल्या हेलात. अक्का तेव्हा ऐकत असतील तर. पण मग ती तिसऱ्या ओळीत का थांबली? तिला काय दिसलं होतं, जे तिला आता आठवत नाही?

नानासो उठले. दाराशी जाऊन परत वळले. गुळाचं पुडकं तिच्याकडं सरकवलं.

"खा तू. माज्या वाटचा बी."

तिनं पुडकं उघडलं नाही. फितीतला शेवटचा हुंदका संपला आणि मोबाईल आपोआप बंद झाला. शेल्फावरच्या ॲम्प्लिफायरनं थोडा वेळ वाट पाहिली आणि तोही बंद झाला. टक. दोघं जिथल्या तिथं उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या शेजारीच होतात. ती अर्धी राहिलेली ओळ पुरी कुणी केली?"